आधी रेघ, मग गाव

अमेरिकेस जाऊन आलेला मनुष्य परत आल्यावर काय सांगतो, हे आता आपणां सर्वांना पाठ झाले आहे. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, नायगाराचा धबधबा, रुंद रस्ते आणि त्यांवरून शिस्तीने धावणाऱ्या मोटारी. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात त्या देशात राहिल्या आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत प्रसिद्ध केला. तेव्हापासून मराठी वाचकाला अमेरिकेची ओळख आहे. परंतु त्या देशाचे खेडे कसे असते, आणि मुख्य म्हणजे ते तसे का असते, याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. आमच्या प्रवासातल्या काही गोष्टी ओघाने येतील. पण प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही.

माझा धाकटा भाऊ आयोवा राज्यातील डी मॉइन या शहरी एका विमा कंपनीत संगणकाचे काम करतो. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत वडील, आई, पत्नी, नववीत गेलेली मुलगी आणि मी असे पाच जण खारघरहून त्याच्याकडे गेलो. त्याच्याजवळ सात आसनांची मोटार आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिने आम्ही सुमारे दोन हजार किलोमीटरचा फेरा केला. आयोवातून दक्षिणेस मिसुरी, तेथून पश्चिमेस कॅन्सस, वर नेब्रास्का आणि परत आयोवा. एवढ्या वाटेवर मोठे म्हणावे असे शहर आम्ही एकही पाहिले नाही. मार्ग मुलीने ठरविला होता. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ साली निघालेले पुस्तक तिच्या आजीने वाचले, आईने वाचले आणि आता तिनेही वाचले. ज्या गावांतून तो कृष्णवर्णीय मुलगा शिक्षणासाठी पायी हिंडला, ती गावे तिला पाहावयाची होती.

माझे वडील बहात्तर वर्षांचे आहेत. खारघर म्हणजे उंच इमारती, उत्सव चौक आणि सेंट्रल पार्क असे आज ज्यांना वाटते, त्यांच्यापूर्वीच्या खारघरातले ते आहेत. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीत आमची चार एकर भातशेती होती. ती नव्या शहरासाठी संपादित झाली, तरी वडिलांची नजर शेतकऱ्याचीच राहिली. आयोवात शहराबाहेर पडून तासभर झाला तेव्हा त्यांनी विचारले, “एवढी शेते दिसतात, पण गाव कुठे आहे?”

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आपल्याकडे शेत म्हटले की त्यामागे गाव आलेच. गावठाण मध्यभागी, देऊळ, पार, विहीर, एकमेकांना टेकलेली घरे आणि भोवती शिवार. सकाळी माणसे गावातून शेतात जातात, संध्याकाळी परततात. तेथे तसे नाही. प्रत्येक शेतकऱ्याचे घर त्याच्या स्वतःच्या शेतात असते. घर, शेजारी लाकडी कोठार, धान्य साठविण्याचे पत्र्याचे गोल कणगे, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांची एक ओळ, एवढाच त्याचा संसार. पुढचे घर अर्ध्या किंवा एक मैलावर. ज्याला ते ‘टाउन’ म्हणतात ती निराळी वस्ती. तेथे उंच टाकीवर गावाचे नाव रंगविलेले असते, रेल्वेच्या रुळालगत धान्याचे अजस्र कोठार असते, एक मुख्य रस्ता, दोन-तीन चर्चे, टपाल कचेरी आणि पेट्रोल पंप. अशी गावे बहुधा रेल्वेने वसविली. शेतकऱ्याने घोड्यांच्या गाडीतून धान्य आणावे आणि दिवे लागणीच्या आत घरी परतावे, अशा बेताने ठराविक अंतरावर स्थानके टाकली आणि त्यांभोवती दुकाने उभी राहिली.

या साऱ्याचे मूळ १७८५ सालच्या एका कायद्यात आहे. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती. तिजोरी रिकामी होती आणि पश्चिमेकडची जमीन अफाट होती. ती विकावयाची तर मोजली पाहिजे. म्हणून असे ठरले की, सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन आखावेत. त्या चौकोनाचे नाव ‘टाउनशिप’. आपल्या खारघरात हा शब्द कुंपणाआडच्या इमारतींच्या समूहाला लावतात. त्या कायद्यात त्याचा अर्थ हा असा जमिनीच्या चौकोनाचा आहे. एका टाउनशिपमध्ये एक-एक चौरस मैलाचे ३६ भाग. त्या प्रत्येकाला ‘सेक्शन’ म्हणतात. एक सेक्शन म्हणजे ६४० एकर, आणि त्याचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर. पुढे एका कुटुंबाचे शेत म्हणजे १६० एकर, असे समीकरणच होऊन बसले. सेक्शनच्या कडेकडेने रस्ते गेले. त्यामुळे आजही आयोवात किंवा कॅन्ससमध्ये दर मैलाला एक आडवा रस्ता लागतो आणि तो नजर पोचेल तेथवर सरळ जातो.

ही मोजणी ज्या साखळीने झाली ती ६६ फुटांची इंग्रजी साखळी होती. अशा ८० साखळ्यांचा एक मैल. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे आपण शाळेत शिकतो. ३३ ही ६६ ची निम्मी. म्हणजे मोजण्याचे माप मुळात एकच होते. ते वापरण्याची रीत मात्र दोन देशांत पार उलटी झाली.

मुंबई इलाख्यात पद्धतशीर जमीनमोजणीचा प्रयत्न प्रथम प्रिंगल याने केला. तो फसला, आणि १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. या मोजणीदारांपुढे शेते अगोदरच होती. बांध होते, वहिवाट होती, कोणाचे शेत कोठवर हे सांगणारी माणसे होती. त्यांनी जे होते ते मोजले आणि त्याला सर्व्हे नंबर दिला. म्हणून आपल्या गावचा नकाशा पाहिला तर शेतांचे आकार वेडेवाकडे दिसतात. कोठे ओढ्याबरोबर वळलेले, कोठे भावाभावांच्या वाटणीने चिंचोळे झालेले. अमेरिकेत रेघ प्रथम आली. डोंगर असो, ओढा असो, दलदल असो, मोजणीदार नाकासमोर साखळी टाकीत गेला. शेतकरी मागाहून आला आणि आखलेल्या चौकोनात राहू लागला. घरे विखुरलेली आहेत, गावठाण नाही, याचे कारण हेच. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर सांगावयाचे तर, आपल्याकडे आधी गाव आणि मग रेघ. तेथे आधी रेघ आणि मग गाव.

या रेघेची एक गंमत आहे. अगदी सरळ चाललेला उत्तर-दक्षिण रस्ता मध्येच एखाद्या ठिकाणी काटकोनात वळतो, थोडे अंतर आडवा जातो आणि पुन्हा उत्तरेची वाट धरतो. तेथे ना टेकडी असते ना नदी. मुलीने कारण विचारले. कारण असे की पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात, त्यामुळे सपाट कागदावरचे चौकोन गोलावर नीट बसत नाहीत. म्हणून साधारण दर २४ मैलांवर मोजणी दुरुस्त करून घ्यावी लागली आणि रस्त्याला ते वळण पडले. भूगोलाच्या पुस्तकात रेखावृत्तांचे जे चित्र असते, ते तेथे मोटारीच्या चाकाखाली समजते.

या आखणीत एक गोष्ट फार मोलाची होती. छत्तीस सेक्शनांपैकी सोळावा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवावा, असे १७८५ च्या कायद्यातच होते. वस्ती होण्याआधीच शाळेची सोय! हाच विचार पुढे वाढला. १८६२ साली मॉरिल कायदा झाला. त्याने प्रत्येक राज्याला सरकारी जमीन दिली आणि तिच्या उत्पन्नातून शेतकी व यंत्रविद्येची महाविद्यालये काढण्यास सांगितले. हा कायदा सर्वप्रथम स्वीकारणारे राज्य आयोवा. डी मॉइनच्या उत्तरेस एम्स येथे जे आयोवा राज्य विद्यापीठ आहे, ते या जमिनीवर वाढले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना तेथे १८९४ साली पदवी मिळाली आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी. त्या संस्थेतले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पहिले कृष्णवर्णीय अध्यापकही. एम्सला त्यांच्या नावाच्या इमारतीपुढे माझी मुलगी बराच वेळ उभी होती.

त्याच १८६२ साली दुसरा एक कायदा झाला, त्याला होमस्टेड कायदा म्हणतात. कुटुंबप्रमुखाने किंवा एकवीस वर्षांच्या कोणाही व्यक्तीने १६० एकर जमीन मागावी, तिच्यावर घर बांधावे, पाच वर्षे राहून कसावी आणि अठरा डॉलर फी भरून मालक व्हावे, असा हा कायदा. अविवाहित स्त्रिया, विधवा, परदेशातून नुकतेच आलेले लोक, आणि पुढे गुलामगिरीतून मुक्त झालेले लोकही अर्ज करू शकत. नेब्रास्कात बिॲट्रिस गावाजवळ या कायद्याचे राष्ट्रीय स्मारक आहे. डॅनियल फ्रीमन नावाच्या गृहस्थाने १ जानेवारी १८६३ रोजी, म्हणजे कायदा अमलात आला त्याच दिवशी अर्ज केला. त्याच्याच शेतावर हे स्मारक उभे आहे. सुमारे सोळा लाख कुटुंबांना या कायद्याने २७ कोटी एकर जमीन मिळाली. म्हणजे साऱ्या देशाचा एक दशांश भाग! हे ऐकून आई म्हणाली, “सरकार जमीन देतेसुद्धा?” त्यावर वडील काहीच बोलले नाहीत.

पण ही जमीन सरकारला कोठून मिळाली? मोजणीदाराच्या कोऱ्या कागदाखाली जमीन कोरी नव्हती. पुरुषभर उंचीच्या गवताचे माळ होते. त्यांच्या मुळ्या इतक्या खोल व दाट होत्या की साधा नांगर चालत नसे; १८३७ साली जॉन डीअर याने पोलादी फाळाचा नांगर केला, तेव्हा ती जमीन फुटली. आयोवातल्या त्या मूळ गवताळ रानाचा आज हजारावा हिस्साही उरलेला नाही. आणि त्या माळावर माणसे होती. आयोवा आणि कॅन्सस ही नावेच मुळी तेथील मूळ जमातींची आहेत. तह करून, दबाव आणून, कित्येकदा लष्कर लावून त्यांना पुढे पुढे हटविले गेले.

डी मॉइनपासून मोटारीने तासाभराच्या वाटेवर टेमा नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारी मेस्क्वाकी लोकांची वसाहत आहे. १८४२ च्या तहानंतर या लोकांना आयोवातून कॅन्ससला जावे लागले. काही जण मात्र परत येत राहिले. १८५७ साली त्यांनी आपली तट्टे आणि दागिने विकून जमविलेल्या पैशांतून आयोवा नदीकाठची ८० एकर जमीन विकत घेतली. जी एके काळी त्यांचीच होती, ती रोख पैसे मोजून! जमीन राज्याच्या गव्हर्नरच्या नावे विश्वस्त म्हणून ठेवावी लागली. पुढे थोडी थोडी घेत त्यांनी आज आठ हजार एकरांहून अधिक जमीन केली आहे. सरकारने नेमून दिलेल्या राखीव प्रदेशाला तिकडे ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात. हे लोक आपल्या जागेला तो शब्द लावू देत नाहीत. ही आमची वसाहत आहे, विकत घेतलेली, असे ते सांगतात. साऱ्या प्रवासात वडिलांनी दोनदा पाहू या म्हटलेली जागा ही एकच.

मिसुरीतील डायमंड गावाजवळ मोझेस कार्व्हर यांची २४० एकरांची शेती होती. तेथे १८६४ च्या सुमारास जॉर्ज गुलाम म्हणून जन्मास आले. लुटारूंनी आई आणि मूल पळविले. आई पुन्हा सापडली नाही, मूल मात्र एका घोड्याच्या मोबदल्यात परत मिळाले, ही कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे निधन १९४३ च्या जानेवारीत झाले आणि त्याच वर्षीच्या जुलैत ही शेती राष्ट्रीय स्मारक ठरली. कृष्णवर्णीय व्यक्तीच्या नावाने झालेले ते पहिले राष्ट्रीय स्मारक. ओढ्याच्या काठाने एक मैलाची पायवाट आहे आणि वाटेत लहानग्या जॉर्जचा पुतळा. मोठेपणी जो कीर्तिमान झाला त्याचा पुतळा न करता, रानात एकटा रमणाऱ्या मुलाचा केला, हे मला फार आवडले.

कॅन्ससमध्ये नेस परगण्यात बीलर नावाची चिमुकली वस्ती आहे. पुस्तक वाचणाऱ्यांच्या लक्षात हे ठिकाण क्वचितच राहते. रंगामुळे एका कॉलेजने दार बंद केल्यावर, १८८६ साली कार्व्हर यांनी येथे होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन घेतली. त्या माळावर झाड नाही, मग लाकूड कोठले? म्हणून गवताच्या मुळ्यांनी घट्ट धरलेल्या मातीच्या विटा कापून घर रचीत. कार्व्हरांनी तसेच घर बांधले आणि सुमारे १७ एकर जमीन तयार करून धान्य, भाजी, फळझाडे लावली. दोन वर्षांनी कर्ज काढून ते शिक्षणासाठी निघून गेले. म्हणजे ज्याला जन्मतः स्वतःच्या देहाचीही मालकी नव्हती, त्याला या रेघांच्या चौकोनात काही काळ एक तुकडा मिळाला. तीच रेघ एकाला हुसकावते आणि दुसऱ्याला आसरा देते. तिचा हिशेब एका बाजूने मांडून चालत नाही.

आता माणसांविषयी. घरे इतकी दूर असताना शेजारधर्म कसा राहत असेल, अशी शंका येते. प्रत्यक्षात तो अंतरामुळेच टिकून आहे. मैलोन् मैल रस्त्यावर कोणी नसते, म्हणून समोरून येणारा प्रत्येक चालक चक्रावरचे एक बोट उचलून नमस्कार करतो. दोन दिवसांत वडीलही तसे करू लागले. रस्त्याकडेला एका टेबलावर भाजी व अंडी मांडलेली, शेजारी पैशांची पेटी, आणि विकणारा कोणी नाही, असे आम्ही तीन ठिकाणी पाहिले. कॅन्ससमध्ये एका रात्री चक्रीवादळाचा भोंगा वाजला, तेव्हा धर्मशाळेवजा मुक्कामाच्या मालकिणीने सर्वांना तळघरात नेले आणि वादळ बाजूने निघून जाईपर्यंत आईचा हात धरून ती बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी एका वृद्ध शेतकऱ्याशी ओळख झाली. बापलेक मिळून ते तीन हजार एकर गहू आणि ज्वारी करतात. गहू पिवळा झाला होता. कापणीला यंत्रे घेऊन फिरती पथके येतात. मे महिन्यात टेक्ससपासून निघतात आणि पीक पिकेल तशी उत्तरेस सरकत कॅनडाच्या सीमेपर्यंत जातात. आपल्या ऊसतोड कामगारांप्रमाणेच हे फिरणे. फरक इतकाच की यांचा कोयता लाखो डॉलरांचा. त्यांनी वडिलांना विचारले, “तुमची शेती किती?” भावाने दुभाषाचे काम केले. चार एकर होती, त्यावर अकरा माणसे जगत, असे वडिलांनी सांगितले. ती का गेली, हे ऐकल्यावर ते म्हणाले की, त्यांच्या पणजोबांना पहिली १६० एकर सरकारनेच दिली. मग दोघेही बराच वेळ खिडकीबाहेरच्या गव्हाकडे पाहत होते.

तीन हजार एकर म्हणजे सुबत्ता, असे आपल्याला वाटेल. पण त्याची दुसरी बाजूही आहे. १९३५ साली अमेरिकेत सुमारे ६८ लाख शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती १९ लाखांवर आली आणि सरासरी शेत ४६३ एकरांचे झाले. भारतात २०१५-१६ च्या गणनेनुसार सरासरी धारणा १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरही नाही. आपल्याकडे शेत लहान होत जाऊन माणूस बाहेर पडतो. तेथे शेत मोठे होत जाऊन माणूस बाहेर पडतो. नेस परगणा बृहन्मुंबईच्या चौपटीहून मोठा आहे, आणि २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या तीन हजारही भरली नाही. खारघरच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात तेवढी माणसे राहत असतील. बिॲट्रिसच्या स्मारकात फ्रीमन शाळा ही एका खोलीची विटांची शाळा जपून ठेवली आहे. ती १८७२ ते १९६७ अशी चालली. राखून ठेवलेली जमीन शाळा उभारू शकते. मुले उरली नाहीत तर ती काय करणार?

हे सर्व खारघरच्या वाचकाला कशासाठी सांगावयाचे? कारण रेघेचे हे दोन्ही प्रकार एकाच गावाने पाहिले, असे ठिकाण आपले आहे. प्रथम सर्व्हे नंबर आले, ते बांधांना मानून. मग १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली आणि आमच्या शेतांवर सेक्टर पडले. ‘सेक्टर’ आणि ‘सेक्शन’ यांत फरक फक्त अक्षराचा. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाटा येथे शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे ही गावे आज सेक्टरांच्या मधोमध उभी आहेत. गावठाणाची जुनी हद्द तेवढीच राहिली, कुटुंबे मात्र वाढली. म्हणून गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे. वडील अजूनही सेक्टरचा आकडा सांगत नाहीत. अमुक इमारत ‘उंबराखालच्या’ शेतात आहे, असे म्हणतात.

नवे शहर नको होते, असे माझे म्हणणे नाही. या आखणीतच शाळांचे आणि उद्यानांचे भूखंड होते, रेल्वे आली, रस्ते आले. मी स्वतः या शहराच्या शिक्षणसंस्थांत वाढलो. आखणीवाचून शहर होत नाही. परंतु रेघ ओढण्यापूर्वी तेथे कोण राहत होते याची विचारपूस झाली काय, आणि रेघ ओढताना त्यांच्या नातवंडांसाठी काय राखून ठेवले, हे दोन प्रश्न प्रत्येक आखणीला विचारले पाहिजेत. अमेरिकेच्या १७८५ च्या कायद्याने दुसऱ्याचे उत्तर सोळाव्या सेक्शनने अंशतः दिले. पहिला प्रश्न त्याने विचारलाच नाही, आणि मेस्क्वाकींना आपलीच माती विकत घ्यावी लागली.

आपल्या महाविद्यालयात पनवेल, उरण, कर्जत, अलिबाग अशा निरनिराळ्या ठिकाणांहून विद्यार्थी येतात. यांपैकी कित्येक गावांवर आज नव्या रेघा पडत आहेत, महामार्गाच्या, विमानतळाच्या, नव्या वसाहतींच्या. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाचा जुना नकाशा मिळवावा, घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावे आणि प्रत्येक सर्व्हे नंबरासमोर त्या शेताचे घरोघरी चालणारे नाव लिहून घ्यावे. नंबर सरकारी दप्तरात राहतील. नावे मात्र ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे सत्तरी ओलांडून गेली आहेत.